अकरा ब्रेक-ड्रम, परतीच्या बोलीवर

कॉर्पोरल व्हिलिमोनी कुबडी टेकत भांडाराच्या खिडकीशी आला
आणि म्हणाला, स्टाफ, दगड हवेत.
कसले?
तापवायचे. आमच्या फिजीकडचे, ज्वालामुखीतले.
मी वही उघडली. खरंच उघडली.
एकवीस वर्षांची खोड,
नाही म्हणायच्या आधी यादी चाळायची.
तंबूचे खुंट आहेत. बर्फावरच्या साखळ्या आहेत.
डाव्या पायाचे एकशे चार बूट आहेत,
उजवे कुठे गेले ते कुणी विचारू नये.
ज्वालामुखी नाही.

इकडचा दगड तडकतो, तो म्हणाला.
गेल्या वर्षी एक फुटला
तर पाद्रीबाबांची टोपी गेली.

मग दोघं भंगाराकडे गेलो.
झिजलेले ब्रेक-ड्रम, गंजून लाल,
कुठल्या कुठल्या घाटात ओरडलेले.
अकरा निवडले. पावती केली.
'प्रयोजन' या रकान्यात मी लिहिलं स्वयंपाक,
खोडलं,
लिहिलं प्रशिक्षण.

वर्कशॉपमागे क्वाबेनाने खड्डा खणला, कमरेइतका.
आगीचा फॉर्म तीन प्रतींत.
केळीची पानं विल्टशरात मार्च महिन्यात कुठून आणायची,
म्हणून कँटीनच्या डॉनबाईंनी चाळीस कोबी सोलले
आणि सोलताना सगळ्या छावणीची
लग्नं, बदल्या, कर्जं सोलली.
डुक्कर, कोंबड्या, रताळी
कोबीत गुंडाळून लोखंडावर निजवली,
वर ओलं गोणपाट, वर माती.

बावीस ट्रक चार महिने एस्टोनियात होते.
शनिवारी चारला पोचणार होते.
साडेतीनला फोन:
वारा आहे, बोट हारिचच्या बाहेरच थांबलीय.
मग सहा म्हणाले. मग नऊ.
मग वेळ सांगणं सोडलं.

आम्ही लढत नाही फारसे. आम्ही पोचवतो.
दुसऱ्यांचं पाणी, दुसऱ्यांचं डिझेल, दुसऱ्यांची टपालं.
आपलीच माणसं वेळेवर यावीत
याचा फॉर्म मात्र माझ्याकडे नव्हता.

पोरं पेंगायला लागली तशा जिममध्ये खाटा लावल्या.
सदतीस खाटा, सदतीस कांबळी.
आयांनी सह्या केल्या.
एका पोराने सहीच्या जागी ट्रक काढला,
सहा चाकांचा, बरोबर सहा.
मी चालवून घेतलं.

मेजरबाई दोनदा खड्ड्याशी येऊन गेल्या.
वाया तर नाही ना जाणार?
मेरेसेइनीने हातमोजा काढला,
मातीवर तळवा ठेवला,
लेकराचा ताप बघावा तसा.
आहे अजून, म्हणाली,
आणि हात तिथेच ठेवला.
तिचा नवरा तेराव्या ट्रकवर होता.

अडीचला फाटकाशी दिवे वळले.
कुणी ओरडलं नाही, पोरं झोपली होती.
इंजिनं एकेक करून गप्प झाली.
माणसं उतरली, आखडलेली, म्हाताऱ्यांसारखी,
आणि फावडी मातीत गेली.
काय वाफ निघाली म्हणता!
रताळ्याला किंचित लोखंडाची चव होती.
सगळ्यांनी हाताने खाल्लं, मेजरबाईंनीसुद्धा.

माझ्या खिडकीत दिवा तसाच राहिला होता.
तिथे टिमनी उभा, एकोणीस वर्षांचा,
झोपायची पिशवी नीट गुंडाळून.
परत करायची होती, स्टाफ.
रात्रीचे तीन वाजलेत, टिमनी.
हो, स्टाफ. तुम्ही जागे दिसलात.
बाकीच्यांच्या गळ्यात कोणी ना कोणी होतं.
मी पिशवी घेतली, पावती फाडली,
खिडकी बंद केली
आणि त्याला म्हटलं, चल, मीही जेवलो नाहीये.

सोमवारी व्हिलिमोनीने ड्रम आणून दिले.
अकरा. धुतलेले.
भंगार धुवून परत करणारा माणूस
मी आजवर पाहिला नव्हता.
एकाच्या कडेला रताळ्याची साल राहिली होती, जळकी.
ढिगावर टाकायचे, नियम तोच आहे.
मी आतल्या फळीवर जागा केली,
डाव्या बुटांशेजारी.